खांदे खाली येत नाहीत तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: राहणं ऐरोलीला, वय ५१, नोकरी महापेच्या एमआयडीसीत. वडील दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर होते. उचलणं, कूस बदलणं, भरवणं सगळं यांनीच केलं. फेब्रुवारीत वडील गेले. तेव्हापासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खांदे आखडलेत, रात्री तीनला जाग येते आणि पाय आपोआप बाबांच्या खोलीकडे वळतात. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. बायको वाशीला 'माइंडफुल डान्स'च्या वर्गाला जाते आणि यांनीही यावं म्हणून मागे लागलीय. हे लिहितात, "मी विसर्जनाच्या मिरवणुकीशिवाय कधी नाचलो नाही, तिथेही मागच्या रांगेत. मी म्हणजे लाकूड. नाचून-बिचून माणूस खरंच बरा होतो का, की हे पैसेवाल्यांचं फॅड आहे?"

होतो. आणि फॅडही आहे. दोघं एकाच गल्लीत राहतात आणि दारावर एकच पाटी लावतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहावं लागेल.

आधी छातीचं बोलू. तपासण्या करून घेतल्यात हे फार बरं केलंत. छातीची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी रिपोर्ट बघितल्याशिवाय उभंही करत नाही. तरीसुद्धा जिना चढताना छाती भरून आली, दरदरून घाम फुटला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, तर 'मागचे रिपोर्ट नॉर्मल होते' म्हणत बसायचं नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं.

मी मूळची कथकवाली. तत्कार आणि चक्कर यांत ऐन उमेदीची वर्षं गेली. गेली १९ वर्षं मात्र मी ठाण्यात अशा माणसांबरोबर काम करते ज्यांना नाचायचंच नसतं. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हॉल आहे, कोट्याची फरशी, दोनपैकी एकच पंखा चालतो. पहिल्या दिवशी येणाऱ्यातले निम्मे तुमचंच वाक्य बोलतात. पुरुष 'मी लाकूड' म्हणतात, बायका 'माझ्याच्याने कसलं होतंय' म्हणतात.

लाकूड तुम्ही नाही, आणि याचा पुरावा तुमच्याकडेच आहे. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत दांडी न धरता, दारापासून लांब उभे राहिला असालच कधी. रबाळ्याला गाडी झटका देते तेव्हा तुमचे घोटे, गुडघे, कंबर आपसात काहीतरी ठरवून तुम्हाला सावरतात, आणि तुमचे डोळे मोबाइलवरून हललेलेसुद्धा नसतात. खरोखर लाकूड असता तर घणसोली यायच्या आत आडवे झाला असता.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते रात्री तीनचं. पाय खोलीकडे वळतात, दारापर्यंत गेल्यावर आठवतं. दोन वर्षं तुम्ही एक कान उघडा ठेवून झोपलात. असं झोपणाऱ्या माणसाची मान जराशी पुढे असते, खांदे वर, पोट आवळलेलं, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला. याला आजार म्हणत नाहीत, हा पहारा आहे. बाबा गेल्याचं तुमच्या डोक्याला त्याच दिवशी कळलं. तेरावं झालं, कागदपत्रं झाली, बँकेतलं नाव निघालं. पण पहारा उठल्याची ऑर्डर खांद्यांपर्यंत पोचलेलीच नाही. ते अजून ड्युटीवर आहेत.

ही ऑर्डर शब्दांनी पोचवता येत नाही, असा माझा अनुभव आहे. 'आता रिलॅक्स व्हा' असं तुम्हाला किती जणांनी सांगितलं असेल? झालात? शरीराला शरीराच्याच वाटेने सांगावं लागतं. स्नायू आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात: कुठे ताण आहे, हात कुठे आहे, वजन कोणत्या पायावर आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे, ती डोकं कुठे कललंय ते कळवते. तिसरी खबर आतून येते, छातीच्या ठोक्यांची, पोटाची, श्वासाची. धोका आहे की नाही हे मेंदू या सगळ्यावरूनही ठरवत असतो. खांदे वर आणि श्वास तोकडा असेल तर त्याला पहारा चालूच आहे असं वाटणार. त्यात आपलं लक्ष त्या खांद्यांकडे जातच नाही, म्हणून तो ताण कुणी मोडत नाही. सावकाश, लक्ष देऊन हललं की ही खबर बदलते. मनगटावर बोट ठेवून नाडी बघा: श्वास लांब सोडताना ती किंचित मंदावते. व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते, त्याचा हा परिणाम. वय वाढतं तसा फरक कमी होतो, पण मन लावून बघितलंत तर सापडेल.

इथे एक गोष्ट साफ करते, कारण वाशीच्या वर्गात तुमच्या कानावर ती पडेल. 'दुःख कमरेत साठून राहतं आणि नाचलं की वाहून जातं' असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. कमरेत दुःखाचं गाठोडं नसतं. कमरेत, जबड्यात, खांद्यांत असते ती धरून ठेवण्याची सवय. सवय मोडायला वेळ लागतो आणि ती एका रविवारी मोडत नाही. 'दोन दिवसांत संपूर्ण हीलिंग' असं लिहिलेलं घोडबंदर रोडवरच्या फार्महाउसचं पत्रक दिसलं, तर त्याचा उपयोग चहाचा कप ठेवायला करा.

तुम्ही विज्ञानाचं विचारलंत. नाचाचा उपचार म्हणून वापर कालपरवाचा नाही. १९४२ मध्ये मॅरियन चेस ही नर्तिका वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम करू लागली. महायुद्धातून परतलेले, बोलणं बंद झालेले लोक तिथे होते. तिने त्यांना स्टेप्स शिकवल्या नाहीत. समोरचा जे करतोय तेच ती आपल्या अंगाने करायची. कुणी नुसतं मागेपुढे डोलत असेल तर तीही डोलायची, आणि त्यातून हळूहळू दोघांचं काहीतरी बोलणं सुरू व्हायचं. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना उभी राहिली, तिची पहिली अध्यक्ष चेसच होती. आपल्याकडे कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये 'कोलकाता संवेद' सुरू केली, तस्करी आणि अत्याचारातून सुटलेल्या मुलींसाठी. त्याच संस्थेबरोबर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नृत्योपचाराचा डिप्लोमाही सुरू झाला, म्हणजे तुमच्या वाशीच्या खाडीपुलापलीकडेच.

आकड्यांचं म्हणाल तर २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. चालणं, धावणं, योग, वजनं उचलणं यांचा चांगला उपयोग दिसला. नाचाचा परिणाम त्यात बराच मोठा दिसला, पण नाचावरच्या चाचण्या कमी आणि त्यांतली माणसंही थोडी, म्हणून मी त्याचा झेंडा नाचवत नाही. एवढं मात्र ठामपणे सांगेन की आशेला जागा आहे, आणि चालू असलेलं औषध याच्या भरवशावर बंद करायचं नाही.

माझा स्वतःचा विश्वास बसला तो पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराच्या लोकांमुळे. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये पार्किन्सन्स झालेल्यांसाठी वर्ग सुरू केला, पुण्यात हृषीकेश पवार यांनी असं काम केलंय. माझ्याकडे एक आजोबा यायचे. दाराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे, पाऊल उचलायचंच नाही. या आजारात आतून येणारा ताल बिघडतो. बाहेरून ताल दिला तर मेंदू दुसऱ्या वाटेने चालवून घेतो. आजोबांनी तरुणपणी तीन वाऱ्या केलेल्या. मी टाळ घेतले, सून 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणायला लागली, आणि जे पाऊल उंबऱ्यावर अडलं होतं ते पावली खेळत पलीकडे गेलं. आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता. पण त्या घरात उंबरा ओलांडायला दोन माणसं लागायची, ती एकावर आली. बरं होणं म्हणजे कधीकधी एवढंच असतं, आणि ते थोडं नसतं.

मग विसर्जनात नाचतो ते काय? तेही चांगलंच आहे, घाम निघतो, हसू येतं, चार माणसं खांद्याला खांदा लावतात. फरक इतकाच की तिथे ढोल आपल्याला नाचवतो आणि आपण स्वतःला विसरतो. मी म्हणते त्या प्रकारात आवाज कमी, गती कमी, आणि स्वतःकडे लक्ष जास्त. पाय टेकला तर टेकलेला कळला पाहिजे. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्या कुणाशी बोललात तर त्यांना हे पटकन कळेल, फक्त तिथे बसून करतात ते इथे हलत करायचं.

आता एक कबुली. सुरुवातीच्या वर्षांत मीही ढोलवालीच होते. दिवे मंद करायचे, ड्रमचा आवाज वाढवायचा, आणि म्हणायचं, 'सोडून द्या, आत जे आहे ते सगळं बाहेर काढा!' लोक किंचाळायचे, रडायचे, मग मिठ्या मारायचे, आणि मला वाटायचं काय जबरदस्त काम झालं. एकदा अशा गोंधळात एक बाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. डोळे उघडे, पण बघत नव्हत्या, हात गार पडलेले. लहानपणी त्यांच्याबाबत जे घडलं होतं ते त्या अंधारात आणि आवाजात पुन्हा घडत होतं, आणि मी दहा फुटांवर टाळ्या वाजवत होते. त्या बऱ्याच दिवसांनी परत आल्या, तेही मला सांगायला की मी काय केलं. तेव्हापासून माझ्या हॉलमध्ये दिवे बंद होत नाहीत, डोळे मिटायची सक्ती नाही, आणि पहिला धडा थांबण्याचा असतो. ज्याला थांबता येतं त्यालाच मी पुढे हलवते. रडू येणं हा कामाचा पुरावा नव्हे. आलं तर रुमाल आहे.

तुम्ही घरी काय करायचं ते सांगते. पहिला आठवडा: सकाळी दात घासून झाले की चहाच्या आधी अनवाणी फरशीवर उभे राहा. डोळे उघडे, नजर खिडकीबाहेर. वजन उजव्या पायावरून डाव्यावर न्या, डाव्यावरून उजव्यावर, इतकं थोडं की स्वयंपाकघरातून बायकोने बघितलं तर तुम्ही नुसते उभे आहात असं वाटावं. टाच, चवडा, करंगळीची बाजू, कुठे भार आहे ते बघायचं. दीर्घकाळ रुग्णसेवा केलेल्या कितीतरी लोकांची पायाची बोटं फरशीला घट्ट धरलेली मला दिसतात, जणू हाक आली की पळायचंय. तुमचीही असतील. सोडवायची घाई नको, आधी बघा. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

सुरुवातीला श्वासाकडे लक्ष देऊ नका. हे कदाचित तुम्ही ऐकलंय त्याच्या उलट असेल. पण ज्याला छातीवर दडपण आहे त्याने श्वास मोजायला घेतला की दडपण वाढतं, जीव घाबरा होतो. लक्ष तळपायात आणि तळहातात ठेवा. श्वास आपला आपण येईल.

दुसऱ्या आठवड्यात खांदे घ्या. सगळे सांगतात खांदे सैल सोडा. तुम्ही उलटं करा, ते आणखी वर घ्या, कानापर्यंत. क्षणभर तिथेच. मग तोंड मिटून 'हूं' असा बारीक आवाज काढत त्यांना खाली येऊ द्या, लिफ्ट मजल्यामजल्याने उतरते तसे. जे धरलंय हेच कळत नाही ते सोडणार कसं? म्हणून आधी मुद्दाम धरायचं. तीनदा, जास्त नको. आवाज काढल्याने श्वास लांब सुटतो, आणि तो मोजावा लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून एक गाणं. बाबांच्या आवडीचं इतक्यात नको, ते वेगळ्या दिवसासाठी ठेवा. ज्याच्याशी काही आठवण जोडलेली नाही असं, संथ ठेक्याचं, शब्द नसले तर उत्तमच. त्यावर पावली: पाऊल पुढे, पाऊल मागे. गुडघा कुरकुरत असेल तर खुर्चीवर बसून पाय टेकवा, काही बिघडत नाही. गाणं संपलं की थांबा. आणखी करावंसं वाटतंय तेव्हाच थांबायचं, म्हणजे उद्या पाय आपणहून येतात.

मध्येच सगळं लांब गेल्यासारखं वाटलं, अंग बधिर झालं, छातीत धडधड सुटली, तर तिथेच सोडून द्यायचं. टाचा फरशीवर दाबायच्या, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, पाणी प्यायचं. असं दोनदा-तीनदा झालं तर एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. भूकच गेली, कामावर जाववेना, किंवा आपण नसलेलंच बरं असं मनात यायला लागलं, तर त्या रात्रीच १४४१६ लावा. ती सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुमच्या जवळ ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्या नावाची पिढ्यान्‌पिढ्या थट्टा झाली, पण तिथल्या ओपीडीत रांगेत उभी असलेली बहुतेक माणसं तुमच्यामाझ्यासारखीच असतात.

आणि हात. हातांचं मी शेवटी ठेवलंय, कारण माझ्या मते तुमच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. ऐरोलीला राहता तर दिव्याच्या कोळीवाड्यात लग्न-हळदीचा नाच बघितला असेल. त्यात वल्हं मारायची हालचाल असते ना? रोज दर्यात जीव खाऊन केलेलं ते काम, अंगणात आलं की त्याचा नाच होतो. हालचाल तीच, पण मागे ओझं नाही. आपल्या लोकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मंगळागौरीत बायका जात्यावरचं दळण, सुपातलं पाखडणं नाचून दाखवायच्या तेही त्यातलंच.

तुमच्या हातांनी दोन वर्षं एक काम केलं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, उचल, कूस बदल, उशी सरळ कर, पांघरूण ओढ. एके दिवशी सकाळी ते काम संपलं आणि हातांना कुणी सांगितलंच नाही. महिनाभराने, एकटं असताना नव्हे, बायको खोलीत असताना किंवा वर्गात, ती हालचाल एकदा करून बघा. बाबांच्या पलंगाशी नको, हॉलमध्ये उभं राहून. आधी रोजच्या गतीने, मग निम्म्या, मग त्याच्याही निम्म्या. दरवेळी ही हालचाल पुढच्या कामात संपायची, औषधाच्या वेळेत, चादरीत. आता पुढे काम नाही. म्हणून शेवटाशी थांबा आणि हातांना कुठे जायचंय ते बघा. सासूला नळीने भरवलेली एक बाई माझ्याकडे होती. तिचा हात शेवटी स्वतःच्याच गालावर गेला आणि तिथेच राहिला, कितीतरी वेळ. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. तुमचे हात कुठे जातील मला माहीत नाही. मुद्दाम कुठे नेऊ नका.

वाशीच्या वर्गाचं विचाराल तर जा, पण आधी एकटे जाऊन शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. शिक्षण कुठे, किती झालंय. मध्येच बसून राहिलो तर चालेल का. आणि कुणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता. पहिल्याचं उत्तर 'मला आतून येतं' असं आलं, किंवा दुसऱ्यावर 'इथे सगळ्यांनी मोकळं व्हायचंच' असं आलं, तर चहा पिऊन परत या. बायकोला वाईट वाटेल, तर तिच्याबरोबर घरीच चेससारखं करा: समोरासमोर उभं राहायचं, तिने हात हलवायचा, तुम्ही आरशासारखं तेच करायचं, दोन मिनिटांनी अदलाबदल. या दोन वर्षांत तुम्ही एकमेकांकडे किती वेळ नुसतं बघितलंत, याचा हिशोब तिच्याकडे असेल.

रात्री तीनला पाय खोलीकडे वळले तर त्यांना परत फिरवू नका. जाऊ द्या. जाताना मात्र प्रत्येक पाऊल कळू द्या, गार फरशी, टाच, चवडा. दारात उभे राहा, चौकटीला हात लावा. आत बघा. खोली रिकामी आहे हे पायांनाही बघू द्या. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर, सकाळी करता तसंच, चार-पाच वेळा. आणि वळून या.